कावसजीचे नाक : खेड्यातल्या शस्त्रक्रियेचे एक चित्र

पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने १७९३ च्या सुमारास एका बैल हाकणाऱ्याला कपाळाच्या कातड्याचे नवे नाक बसवून दिले. पुढच्या जानेवारीत, म्हणजे शस्त्रक्रियेला दहा महिने होऊन गेल्यावर, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने त्या माणसाला समोर बसवून त्याचे चित्र काढले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही शस्त्रक्रिया आकृत्यांसह वर्णन करून छापली. १७९५ च्या आरंभी विल्यम नटर याने वेल्सच्या चित्रावरून कोरलेले खोदचित्रही लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मराठी मुलखात खेड्यातल्या कारागिराने केलेल्या शस्त्रक्रियेचे याहून प्रसिद्ध चित्र दुसरे नाही. वैद्यकाच्या इतिहासावरच्या ग्रंथांत ते आजही छापले जाते.

खेड्यातली शस्त्रक्रिया हा चित्रविषय युरोपात त्याआधी अडीचशे वर्षांहून जुना होता आणि त्याचे माहेर म्हणजे आजच्या बेल्जियम-हॉलंडचा प्रदेश, त्यातही विशेषकरून फ्लँडर्स आणि ब्राबांट. हिएरोनिमस बॉश याने १५०० च्या आसपास काढलेल्या एका चित्रात खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या डोक्यातून ‘वेडाचा खडा’ काढला जात आहे. यान सँडर्स व्हान हेमेसन याने १५५० च्या सुमारास तोच विषय मोठ्या आकारात रंगवला. त्यात चष्मा लावलेला शल्यकार भर चौकात बसला आहे, बांधून ठेवलेला रोगी ओरडतो आहे आणि वर दोरीवर आधीच्या रोग्यांच्या डोक्यांतून काढलेले म्हणून खडे टांगले आहेत. ही दोन्ही चित्रे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. थोरल्या पीटर ब्रूगेलच्या रेखाटनावरून १५५९ मध्ये अँटवर्पला निघालेल्या एका खोदचित्रातही हाच प्रकार आहे. वेडाचा खडा काढण्याची शस्त्रक्रिया प्रत्यक्षात होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ही चित्रे माणसाच्या मूर्खपणावर आणि भोंदू वैद्यांवर टीका करण्यासाठी काढली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

सतराव्या शतकात हा विषय गुत्त्यात आणि न्हाव्याच्या खोलीत शिरला. आद्रिआन ब्राउवर (सुमारे १६०५–१६३८) याने खेड्यातला न्हावी शेतकऱ्याच्या पायावर किंवा पाठीवर शस्त्र चालवत असतानाची लहान आकाराची चित्रे काढली. म्युनिक आणि फ्रँकफुर्टच्या संग्रहालयांत ती पाहायला मिळतात. रोग्याचे आवळलेले ओठ, मिटलेले डोळे आणि आखडलेली बोटे ब्राउवरने ज्या बारकाईने टिपली, तितक्या बारकाईने टिपणारे चित्रकार त्या काळात विरळाच. रूबेन्ससारख्या थोर चित्रकाराच्या संग्रहात ब्राउवरची सतरा चित्रे होती. ब्राउवरनंतर धाकट्या डाव्हिड टेनिर्स (१६१०–१६९०) याने तोच विषय जरा नीटनेटका करून अनेकदा रंगवला. त्याच्या शल्यकाराच्या खोलीत मातीच्या बरण्या, कवटी, छताला टांगलेला वाळका मासा, मलम तापवणारा पोऱ्या आणि दाराशी वाट पाहणारी म्हातारी दिसते. ही चित्रे श्रीमंत शहरी घरांसाठी काढली जात. पंचेंद्रियांपैकी स्पर्श दाखवायचा तर दुखण्याचे चित्र काढावे, असाही एक संकेत रूढ होता.

या चित्रांतला शल्यकार न्हावी असे, त्याला कारण आहे. रोमन चर्चने १२१५ च्या लॅटरन धर्मसभेत वरच्या दर्जाच्या धर्माधिकाऱ्यांना कापण्याची आणि डाग देण्याची कामे मना केली. विद्यापीठात शिकलेला वैद्य नाडी पाही, लघवीची बाटली उजेडात धरून पाही आणि औषध सांगे. हात रक्ताने माखण्याचे काम वस्तरा बाळगणाऱ्याकडे जाई. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य १५४० पासून एकाच संघात होते. ते वेगळे झाले ते थेट १७४५ मध्ये, म्हणजे वेल्स पुण्यास येण्याच्या जेमतेम पन्नास वर्षे आधी. पुण्यातला इंग्रज डॉक्टर वीट पाडणाऱ्या कारागिराच्या हातची शस्त्रक्रिया पाहायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या धंद्याचा वस्तऱ्याशी असलेला संबंध आजोबांच्या आठवणीइतका जवळचा होता.

मराठी मुलखातही कामाची वाटणी अशीच होती. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ मुखोद्गत असलेला शास्त्री-वैद्य काढे, चूर्णे आणि मात्रा देई. गळू फोडणे, तुंबडी लावणे, रक्त काढणे ही कामे बारा बलुतेदारांतला न्हावी करी, आणि त्याच्या धोकटीतला वस्तरा व नराणी हीच त्याची शस्त्रे असत. मोडलेले हाड हाडवैद्य बसवी. रानोमाळ फिरणारे वैदू जळवा आणि मुळ्या घेऊन गावोगाव येत. लष्कराबरोबर जखमा शिवणारे जर्राह असत. या सगळ्यांची विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात गेली आणि बहुतांशी कागदावर उतरलीच नाही. चित्रातही ती उतरली नाही. वाड्यांच्या भिंतींवर देवादिक, दशावतार, राम-रावण युद्ध आणि दरबार रंगवले गेले. देवळांवर सुरसुंदरी, गण आणि दिक्पाल कोरले गेले. शेतकऱ्याचा पाय धरून बसलेला न्हावी रंगवावा, असे इथे कोणाला वाटले नाही. म्हणून वेल्सच्या या एका चित्राचे मोल मोठे आहे.

चित्रातला माणूस कावसजी. नावावरून तो पारशी वाटतो, पण खोदचित्राखालच्या मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. मराठ्यांत कावजी हे नाव शिवकाळापासून आहे आणि इंग्रज लेखकाने तेच ओळखीच्या पारशी वळणावर नेले असावे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०–९२) तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र आले होते. मराठ्यांच्या फौजा परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या हाताखाली श्रीरंगपट्टणकडे गेल्या होत्या. त्या काळच्या युद्धात तोफा, दारूगोळा आणि धान्य सारे बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर चाले. शत्रूची रसद तोडायची तर बैल आणि बैल हाकणारेच पकडायचे, हे दोन्ही बाजू जाणून होत्या. कावसजी असाच टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. तशा अवस्थेत त्याने श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेची छावणी गाठली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन दिले.

नाक कापणे ही शिक्षा हिंदुस्थानात जुनी. व्यभिचाराचा आळ, चोरी, फितुरी अशा कारणांनी ती होत असे, आणि युद्धात शत्रूला अपमानित करून परत पाठवण्यासाठीही ती वापरली जाई. माणूस जिवंत राही, पण चारचौघांत उभा राहू शकत नसे. त्यामुळे नाक बसवण्याच्या विद्येची गरज इथे कधी संपली नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये वावरलेल्या निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशाने विजापूरच्या मुलखात कापलेली नाके दुरुस्त होत असल्याचे लिहून ठेवले आहे. तिथले शल्यकार भुवयांच्या वरचे कपाळाचे कातडे कापून, त्याला पीळ देऊन खाली नाकावर आणत आणि अशी नाके बसवलेली पुष्कळ माणसे आपण पाहिली, असे त्याचे म्हणणे. कावसजीच्या आधी शंभर वर्षे हीच रीत कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात चालत होती, याचा हा समकालीन दाखला आहे.

कावसजी वर्षभराहून अधिक काळ नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या त्या कारागिराने त्याला नवे नाक दिले. इंग्रजी मजकुरात त्याची जात ‘वीट करणारा’ अशी दिली आहे, म्हणजे बहुधा कुंभार. अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्याच्या सेवेतील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी पाहिली होती. क्रूसो हा पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याबरोबरचा डॉक्टर. १७८५ मध्ये मॅलेट सुरतेहून महादजी शिंद्यांच्या छावणीकडे गेला, तेव्हाही क्रूसो त्याच्यासोबत होता आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली आहे. पाहिलेले नीट लिहून ठेवण्याची सवय असलेला हा माणूस होता. ‘जंटलमन्स मॅगझीन’मधल्या पत्राखाली ‘बी. एल.’ एवढीच सही आहे, पण त्यातली कृती या दोन डॉक्टरांच्या पाहणीवर आधारलेली आहे.

ती कृती अशी. तुटलेल्या नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग ते मेण उलगडून सपाट करायचे आणि कपाळावर ठेवून त्याच्याभोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून कातडे कापून खालून सोडवायचे, मात्र दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. या पट्टीतून रक्त येत राहते, म्हणून सोडवलेले कातडे मरत नाही. सारी शस्त्रक्रिया या पट्टीवर उभी आहे. नंतर नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण सोलून ताजा करायचा आणि नाकपुड्यांच्या बाजूंनी व वरच्या ओठावर चीर द्यायची. कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणायचे आणि त्याची कड त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. काताचा पाण्यात कालवलेला लगदा कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवायच्या. चार दिवस ते उकलायचे नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी लावायची. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे आत घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली पट्टी कापायची आणि नाकाचा वरचा भाग थोडा तासून बेताचा करायचा.

या कृतीतली प्रत्येक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. कातात टॅनिन भरपूर असते. त्याने सांध्यावरची कातडी आवळली जाते, स्राव थांबतो आणि पट्टी वाळली की साच्यासारखी घट्ट बसते. पंचवीस दिवसांत नव्या जागेच्या रक्तवाहिन्या कातड्यात वाढून येतात, त्यामुळे त्यानंतर पट्टी कापली तरी नाक जगते; ती घाईने कापली तर सारे काळे पडून गळते. हे सगळे बधिरतेवाचून. ईथरची भूल १८४६ मध्ये आली, जंतुनाशक शस्त्रक्रियेची कल्पना लिस्टरने १८६७ मध्ये मांडली. त्यापूर्वी पाऊणशे वर्षे पुण्याच्या परिसरात एक कारागीर माणसाच्या कपाळाचे कातडे सोडवत होता, आणि ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, नवे नाक घट्ट बसते आणि जवळजवळ मूळ नाकासारखे दिसते, अशी ग्वाही त्या पत्रात दिलेली आहे.

या विद्येचा उगम सुश्रुतसंहितेत सांगितला जातो, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कापलेले नाक जोडण्याची रीत दिली आहे. झाडाचे पान घेऊन नाकाचे माप घ्यावे, तेवढे कातडे गालावरून सोडवावे, खरवडलेल्या नाकावर ते बसवावे, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात आणि वरून पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांची पूड टाकावी, असे तिथे म्हटले आहे. पण पुण्याच्या कारागिराने कातडे गालाचे न घेता कपाळाचे घेतले, पानाऐवजी मेण वापरले आणि मलम म्हणून काताची निवड केली. हे बदल ग्रंथात नाहीत. ते शतकानुशतके काम करणाऱ्या हातांनी केले आहेत. कपाळाचे कातडे एकसारखे असते, त्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो आणि मागे राहणारा व्रण पागोट्याखाली झाकता येतो. ग्रंथाचे श्रेय ग्रंथाला द्यावेच, पण म्हणून या कारागिरांचा वाटा झाकला जाता कामा नये.

हे काम वीट पाडणाऱ्याच्या हाती कसे आले, याचे थोडे उत्तर त्या धंद्यातच सापडते. तो धंदा आजही जवळून पाहता येतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ज्या सखल पट्ट्यात वाढली, तिथे उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठची माती विटांना चांगली आहे. बदलापूरपासून कल्याण-भिवंडीपर्यंतच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे बिऱ्हाडासह येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गारा तुडवून त्याचा लगदा नेमका किती ओला हवा, साच्यात किती दाबावा, साचा कधी उचलावा, वीट उन्हात किती वाळवावी म्हणजे तडा जाणार नाही, हे हाताला कळावे लागते. ओली वस्तू वाळताना आटते, म्हणून साचा हव्या त्या आकाराहून थोडा मोठा ठेवावा लागतो, हे कुंभाराला लहानपणापासून माहीत असते. कपाळावरून सोडवलेले कातडेही आटते. मेणाचा साचा, त्याचे सपाट केलेले माप, आटण्याचा अंदाज आणि दिवस मोजून वाट पाहणे, या चारही गोष्टी कुंभारकामाच्या आहेत. अर्थात सगळे कुंभार नाक बसवत नव्हते. एखाद्या घराण्यात ही विद्या असे आणि लांबून लोक त्या घराचा पत्ता विचारत येत. देशाच्या इतर भागांतही, उदाहरणार्थ हिमालयातल्या कांगड्यात, ती अशीच एका घराण्याकडे होती.

वेल्स या चित्रापर्यंत कसा पोहोचला, तो भाग पेशवाईच्या अखेरच्या पुण्याचा आहे. स्कॉटलंडच्या पीटरहेड गावचा हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि १७९२ पासून पुण्यात मॅलेटच्या आश्रयाने काम करू लागला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली व्यक्तिचित्रे आज त्या माणसांच्या चेहऱ्यांचा मुख्य आधार आहेत. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाची मंजूर प्रत मॅलेट भर दरबारात पेशव्यांना देतो, या प्रसंगाच्या मोठ्या चित्राची तयारीही वेल्सने केली होती. ते पुढे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. दरबाराच्या त्या चित्रात रेशमी अंगरखे, गालिचे आणि झुंबरे यांच्यामध्ये युद्धाचा निर्णय दिसतो, आणि त्याच युद्धाची किंमत मोजलेला माणूस कावसजीच्या चित्रात दिसतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्याखेरीज त्या तहाचा इतिहास पुरा होत नाही.

मॅलेट आणि वेल्स यांच्या प्रयत्नांनी शनिवारवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेची एक शाळा सुरू झाली. तिच्यातला सर्वांत गुणी विद्यार्थी गंगाराम चिंतामण तांबट. त्याने वेल्स येण्याआधीच, १७९० मध्ये, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला होता; पुढे त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, पुण्यातले पैलवान आणि बैरागी टिपले. त्याची बरीच रेखाटने मॅलेटबरोबर विलायतेत गेली आणि आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. म्हणजे त्याच काळी, त्याच शहरात दोन कारागीर इंग्रजांच्या नजरेत भरले. तांब्याचे काम करणाऱ्या जातीतला गंगाराम चित्र काढत होता, म्हणून त्याचे नाव कागदावर आले. मातीचे काम करणाऱ्या जातीतला दुसरा माणसाला नाक देत होता. त्याचे नाव विचारून लिहून घ्यावे, असे डॉक्टरांना, चित्रकाराला किंवा मासिकाच्या संपादकाला सुचले नाही.

चित्रातही तो नाही. फ्लँडर्सच्या चित्रांशी तुलना केली की हा फरक डोळ्यांत भरतो. ब्राउवर आणि टेनिर्स यांच्या चित्रांत शल्यकार मधोमध असतो, त्याचे हात, त्याची हत्यारे, त्याची खोली सगळे दिसते. रोगी कोण, हे कोणाला माहीत नसते; तो कोणीही शेतकरी. वेल्सच्या चित्रात उलट आहे. रोग्याला नाव आहे, जात आहे, पूर्वायुष्य आहे, आणि तो मान ताठ ठेवून पाहणाऱ्याकडे तोंड करून बसला आहे. शल्यकाराच्या जागी फक्त आकृत्या उरल्या आहेत: मेण सपाट केल्यावर कसे दिसते, नाकावर ठेवल्यावर कसे दिसते, कपाळावरची रेघ कोठून कोठे जाते. ब्राउवरच्या चित्राकडे बघून कोणालाही शस्त्रक्रिया शिकता येणार नाही. वेल्सच्या चित्रावरून ती शिकता येते, आणि युरोपातल्या डॉक्टरांनी ती तशीच शिकली. वेल्सने कावसजीला हास्यास्पद केले नाही की दयनीयही केले नाही, हेही त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. खेड्यातल्या रोग्याकडे इतक्या आदराने पाहणारे चित्र फ्लँडर्सच्या दोनशे वर्षांत फारसे सापडत नाही. ठाण्याजवळच्या साष्टी बेटावर कान्हेरीची लेणी रेखाटताना वेल्सला ताप भरला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये तो वारला. सवाई माधवरावांचा मृत्यू त्याच्या आदल्याच महिन्यातला.

युरोपला नाक बसवण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. सिसिलीतल्या ब्रांका घराण्याकडे पंधराव्या शतकात ही विद्या होती आणि बोलोन्याच्या गास्पारे टालियाकोत्सी याने १५९७ मध्ये दंडाचे कातडे वापरण्याच्या रीतीवर सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे. त्याच्यानंतर ती रीत मागे पडली. पुण्याची रीत त्या मानाने सोपी आणि खात्रीची होती. लंडनचा शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने ती मासिकात वाचली, हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशी केली आणि आधी प्रेतांवर सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने लष्करातल्या एका अधिकाऱ्याला कपाळाच्या कातड्याचे नाक बसवले. अशा दोन शस्त्रक्रियांची हकिगत त्याने १८१६ मध्ये पुस्तकरूपाने छापली. बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याचा ग्रंथ १८१८ मध्ये आला. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा इतिहास लिहिणारे या दोन पुस्तकांपासून नव्या काळाची सुरुवात धरतात, आणि दोन्हींच्या मुळाशी पुण्याजवळचा तो कुंभार आहे.

महाराष्ट्रात मात्र ही विद्या कारागिरांच्या हातून निसटत गेली. १८४५ मध्ये मुंबईत जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्यांच्याच देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळाही निघाली. कापण्याची विद्या आणि रेखाटण्याची विद्या, दोन्ही आता वर्गात शिकवल्या जाऊ लागल्या. दोहोंचा एक मिलाफ अंबरनाथला झाला. वालधुनीच्या काठावरचे शिलाहारकालीन शिवमंदिर कलाशाळेच्या मंडळींनी १८६८ मध्ये रेखाटले आणि त्याच्या शिल्पांचे ठसे घेतले. मंदिरातला शिलालेख वाचण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, जे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतले. त्यांनी शक ७८२ वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा दुरुस्त केला. पेशाने डॉक्टर असलेल्या भाऊ दाजींनी देशी औषधांचाही कसून शोध घेतला आणि महारोगावर कडू कवठीच्या तेलाचे उपचार केले. खेड्यातल्या विद्येकडे इतक्या गंभीरपणे पाहणारा नव्या शिक्षणातला डॉक्टर त्या पिढीत विरळा.

नाकाच्या शस्त्रक्रियेत पुढची भर पडली ती होळकरांच्या इंदुरात. तिथला रेसिडेन्सी सर्जन डेनिस कीगन याच्याकडे नाक कापलेल्या बायका मोठ्या संख्येने येत. बहुतेकींच्या नवऱ्यांनी संशयापायी ते कृत्य केलेले असे. जुन्या रीतीत एक उणीव होती. नव्या नाकाला आतून अस्तर नसल्याने ते वर्षादोनवर्षांत आटे आणि नाकपुड्या बुजत. कीगनने उरलेल्या नाकाचे कातडे खाली उलटवून आतले अस्तर केले आणि त्यावर कपाळाचे कातडे बसवले. त्याचे पुस्तक १९०० मध्ये निघाले.

विसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग नावारूपाला आणला. इंग्लंडमधले प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेल्या अंटियांनी आपले कसब वापरले ते मुख्यतः महारोग्यांसाठी, ज्यांचे नाक आतली कूर्चा झिजून बसलेले असते. ओठाच्या आतून शिरून, आकसलेले अस्तर सोडवून तिथे नवे कातडे बसवण्याची रीत त्यांनी या रोग्यांसाठी वापरली. अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या प्रकल्पात त्यांनी गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. खेड्यातल्या माणसाचे हात वैद्यकाचे अवघड कामही करू शकतात, यावर त्यांचा पक्का विश्वास होता आणि तो त्यांनी जाहीरपणे मांडला.

कपाळाच्या कातड्याचे नाक आजही बसवले जाते. मुख्यतः त्वचेचा कर्करोग काढून टाकल्यावर किंवा अपघातानंतर ती शस्त्रक्रिया होते. भूल, टाके, प्रतिजैविके, आतल्या आधारासाठी कान किंवा बरगडीची कूर्चा हे सगळे नवे आहे. कातडे पूर्ण कपाळाच्या मधून न घेता एका बाजूच्या रक्तवाहिनीवर बेतून घेतात, त्यामुळे जोडपट्टी अरुंद ठेवता येते. माप मात्र अजून साच्यावरूनच घेतात. मेणाऐवजी धातूचा पातळ पत्रा किंवा कागद वापरतात. डोळ्यांमधली जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात.